मिरचीवरची ताडपत्री

सर्किट जुळवायचा ब्रेडबोर्ड एकच उरला होता, आणि त्यावर एकाच वेळी दोन हात पडले.

"सोड ना," तो म्हणाला. "मन्हा हात पहिले पडना."

"नाव शे का तुन्हं त्यावर?" मी विचारलं.

प्रयोगशाळेतले शिवाजीभाऊ कपाटाला कुलूप लावत म्हणाले, "ललित, मयूरी, दोन्हीजन मिळीसन एकच प्रोजेक्ट करा."

रनाळ्याचा ललित आणि मी तीन वर्षं एकाच वर्गात होतो. बोललो ते त्या दिवशी पहिल्यांदा.

विषय मी ठरवला. पथारीवर, उघड्या मैदानात, मिरची वाळतेय. ढग आले, उजेड कमी झाला, की सेन्सरच्या इशाऱ्यावर मोटर फिरून ताडपत्री ओढणार. आठवडाभर मी बोर्डच्या भोकांत तारा खोचत होते आणि ललित वाकून बघत होता... इतक्या जवळून, की त्याच्या शर्टाचा साबण मला ओळखू यायला लागला.

"लांब हो ना."

"लांबथून दिसत नही माले."

परीक्षेच्या दिवशी टेबलं व्हरांड्यात, उन्हात मांडली होती. पहिला वर्ग आला तरच जळगावला एमएस्सी, असं माझ्या वडिलांनी, आप्पांनी, सरळ सांगितलं होतं. माझं सगळं त्या चिमुकल्या मोटरवर होतं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सेन्सरवर हात धरला. मोटर फिरली नाही. त्यांनी पुन्हा धरला. ताडपत्री जागची हलेना.

तारा बरोबर होत्या. बॅटरी नवी होती. ललितचा श्वास मला ऐकू येत होता... आणि एकदम कळलं.

"एक मिनिट, सर."

किती अंधार झाल्यावर मोटर सुरू व्हावी, ते ठरवणारा बारीक स्क्रू मी फिरवला. पेचकस दोनदा निसटला. परीक्षकांनी पुन्हा हात धरला — मोटर घरघरली, ताडपत्री सरकत मिरचीवर आली.

"आधी का नाही चाललं?"

"जुळवताना सेन्सरवर कायम सावली होती, सर. तोच उजेड धरून मी स्क्रू लावला. इथे हाताखालीसुद्धा त्याहून जास्त उजेड आहे."

"कसली सावली?"



"मन्ही," ललित म्हणाला. मग सावरून, "माझी, सर. मी वाकून बघत होतो."

"आठवडाभर?"

"...हो, सर."

परीक्षकांनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चूक तुम्हीच शोधलीत. गुण कापत नाही," म्हणाले, आणि पुढच्या टेबलाकडे गेले.



"इतकं अवघड व्हतं का सर्किट?" मी विचारलं.

"सर्किट ते पहिल्याच दिवशी समजनं माले."

"मग?"

तो एकेक तार काढत राहिला. मान खालीच. "तुन्हा हात देखी ऱ्हायंतू."

मी हात ओढणीखाली घेतले. मग वाटलं, कशाला... पुन्हा टेबलावर ठेवले.

"जळगावचा फॉर्म शुक्रवारपर्यंत आहे," मी शुद्ध मराठीत म्हणाले. अहिराणीत मला ते जमलंच नसतं. "तू भरणार आहेस?"

"तू सांग."

"भर."