गारगोटीभोवतीचं शिसं

पिस्तुलाची गोळी अनयच्या गळ्यातून आरपार गेली आणि मागचा पांढरा पडदा लाल झाला. गोरेगावच्या स्टुडिओत ऐतिहासिक मालिकेचं शूटिंग चालू होतं. दिग्दर्शकाने ‘कट’ म्हणेपर्यंत नायक मेला होता.

चाप ओढणारा सहकलाकार धवल कोपऱ्यात ओकत होता. इन्स्पेक्टर क्षमा पोचली तेव्हा युनिटने शस्त्रं सांभाळणाऱ्या नंदकिशोरकाकांना बदडून त्यांचा ओठ फाडला होता. गर्दीला कोणीतरी हाताशी लागतंच.

"गोळी कुणी भरली, काका?"

"मी नाही, मॅडम. मी तर गारगोटीसुद्धा लावत नाही. पिस्तुलाच्या घोड्याच्या चिमट्यात लाकडाचा तुकडा ठेवतो. ठिणगीच पडत नाही, मग दारू पेटणार कशी?"

"आणि खरी लावायची असेल तर?"

"चामड्यात गुंडाळून स्क्रू आवळायचा. नुसती लावली तर घसरते."

"हे अजून कुणाला येतं?"

"विकीला. मीच शिकवलंय. धवलसरांनीही परवा शिकून घेतलं."

विकी मढच्या कोळीवाड्यातला, सेटवर स्फोटांचं काम बघणारा. तो काकांच्या ओठाला पट्टी लावत होता. चिकटपट्टी त्याने दातांनी तोडली. पुढचा एक दात अर्धाच होता.

"पिस्तूल कुणाकुणाच्या हातात होतं, विकी?"

"काका, मी, धवलसर."

"आणि बंदुकीची दारू?"

"माझी पेटी उघडीच असते, मॅडम. कोणीपण घेईल."

क्षमाने हातमोजे चढवून पिस्तुलाच्या चिमट्याचा स्क्रू सैल केला. गारगोटीभोवती चामडं नव्हतं. शिशाचा पत्रा होता, आणि त्यावर दातांचे व्रण.

तिने विकीकडे पाहिलं.

"माझं माहेर मढचं. जाळ्याला शिसं लावताना दोन्ही हात दोरीत गुंतलेले असतात, मग आपण ते दातांनी आवळतो. धवलला हे सुचणार नाही. काका चामडं वापरतात. या व्रणांत एक दात अर्धाच उमटलाय. तोंड उघड."

विकीने तोंड उघडलं ते बोलायलाच.

"अनयच्या स्पीडबोटीने माझ्या भावाला चिरलं. महादूचे तुकडे मी पाटीत भरून घरी आणले. केससुद्धा झाली नाही, मॅडम."

"आणि मला अडकवलंस?" काका ओरडले.

"नाही काका. चामडं लावलं असतं तर तुम्ही अडकला असता. म्हणून तर शिसं लावलं ना."

काकांनी त्याच्या कानाखाली सणसणीत ठेवून दिली. मग त्याला छातीशी आवळून रडत सुटले. बेड्या घालायला क्षमाला आधी त्यांचे हात सोडवावे लागले.