न पाठवलेला मेसेज

"मावशीचा आणि माझा संबंध संपला!" खारूने जाहीर केलं आणि एक रंगीत पत्रक जिन्याच्या पायरीवर आपटलं.

'आपली मुलगी वाचताना अडखळते? महिन्याभरात फरक!' असं त्यावर छापलेलं होतं. सकाळी एक गृहस्थ दारात येऊन, खारूचं नाव घेऊन, ते तिच्या बाबांच्या हातात ठेवून गेले होते.

शाळेत मोठ्याने वाचायची पाळी आली की खारूचा शब्द घशातच अडायचा. म्हणून पाळी जवळ आली की ती पाणी प्यायला जायची. आख्ख्या शाळेत तिच्याइतकं पाणी कुणी पीत नसेल. हे गुपित तिने एकट्या मावशीला मेसेजमध्ये लिहिलं होतं.

"मावशीच फुटली म्हणायची!" खालच्या मजल्यावरचा इंजिन म्हणाला. तो बोलायला लागला की थांबत नसे, म्हणून हे नाव.

"पुरावा?" दुर्बीण म्हणाली. ती अकरा वर्षांची होती, चष्मा लावायची आणि पुराव्याशिवाय सरबतसुद्धा पीत नसे. "मावशी तिकडे, तो माणूस इकडे. आधी प्रयोग करू. इंजिन, तुझ्या फोनवर एक खोटं गुपित लिही. पण पाठवायचं नाही. लिहायचं आणि पुसायचं."

"न पाठवलेलं कोण वाचणार? येडी की काय!"

"तेच तर बघायचंय."

इंजिनने टाइप केलं, 'मला बाराव्या वर्षीच टक्कल पडतंय.' आणि पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंजिनच्या आईला फोन आला. "ताई, लहान मुलांच्या केसगळतीवर आमच्याकडे खास तेल आहे!" आईने इंजिनला खिडकीपाशी उभं करून त्याचं डोकं तीनदा तपासलं.

खारूचा चेहरा पडला. तिने आधी मावशीला फोन लावला. "मावशी, मी दोन दिवस तुला मनात खूप शिव्या घातल्या. सॉरी."

"बरं. आता उघड घाल, म्हणजे फिटंफाट," मावशी म्हणाली.

म्हणजे फुटला होता तो माणूस नव्हता, फोनच होता! आणि परीक्षा संपली त्याच दिवशी पालकांनी इमारतीतल्या सगळ्या मुलांचे फोन गोळा केले होते आणि ते एका पिशवीतून 'काचेला गार्ड लावायला' कोपऱ्यावरच्या दुकानात गेले होते.

तिघं तिथे पोचली तेव्हा मोबाइल दुरुस्तीवाले काका चिमट्याने एका फोनचं पोट उघडत होते. काउंटरच्या टोकाला वाचन, केस, अक्षर आणि उंची अशा सर्व विषयांची पत्रकं रचलेली होती. सगळ्यांवर एकच पत्ता होता.

"काका," इंजिनने निरागसपणे अंदाजाने खडा टाकला, "बाबा पासवर्ड विसरलेत. आमच्या फोनवर लक्ष ठेवायचं ते ॲप..."

"विसरलेत?" काका हसले. "त्यांनी घेतलाच कुठे! सगळे म्हणाले, काका, आमच्या काही लक्षात राहत नाही, तुमच्याकडेच ठेवा. पंधरा मुलं, एकच पासवर्ड. हे बघ!" आणि त्यांनी कौतुकाने संगणकाचा पडदा फिरवला.

पंधरा नावं. कोण कुठे आहे, कुणी काय लिहिलं, काय पुसलं, सगळं ओळीने. इंजिनचं टक्कलही होतं! दुर्बिणीने खटाखट फोटो काढले.

"आणि ही पत्रकं?"

"मेव्हण्याचे वर्ग आहेत, तेलाचा धंदाही आहे. त्याला जरा मदत. मुलांचंच भलं होतं की!"

खारूने तिथूनच बाबांना फोन लावला. "बाबा, मी आत्ता कुठे आहे?"

"अं? घरीच असशील."

"ॲपमध्ये बघून सांगा ना!"

"त्याचा पासवर्ड तर दुकानात... थांब, तू तिथेच आहेस?"

दहा मिनिटांत बाबा धापा टाकत दुकानात हजर झाले. त्यांनी बोलावलेली इंजिनची आईही मागोमाग आली. पडदा पाहून दोघांचे चेहरे उतरले.

"अगं, तुमच्या काळजीपोटीच बसवलं," बाबा म्हणाले. "जग किती वाईट आहे, तुला कल्पना नाही."

"मग बघायचं तरी तुम्ही! तुम्ही एकदाही उघडलं नाहीत. बघत होते हे काका आणि यांचा मेव्हणा!"

"आवाज खाली. तो फोन दे इकडे."

"नाही देणार!" खारू काउंटरला पाठ लावून उभी राहिली. शब्द अडणार हे तिला कळलं. अडला तर अडला! "मी वा-वाचताना अडखळते. हे मला सां-सांगायचं होतं. माझ्या वेळेला. तुम्ही ते मा-माझ्याकडून काढून घेतलंत!"

बाबा काकांकडे वळले. "तो पासवर्ड द्या मला."

"बाबा!" खारू ओरडली.

"काढून टाकायला मागतोय!" बाबा ओशाळून म्हणाले.

पंधराही मुलांची नावं त्यांच्यासमोर पुसली गेली. इंजिनच्या आईने पत्रकांचा गठ्ठा उचलला आणि काकांना सुनावलं, "मेव्हण्याला सांगा, संध्याकाळी आम्ही सगळे पालक त्याच्या वर्गात येतोय. शिकायला नव्हे!" मग मुलांकडे वळून ती म्हणाली, "शाबास रे! आम्ही पंधरा घरांतली मोठी माणसं, पण अक्कल तुम्ही चालवलीत."

घरी जाताना खारूने अट घातली. "काही खटकलं तर मी येऊन सांगेन. पण सांगितलं म्हणून फोन काढून घ्यायचा नाही. नाहीतर सांगणारच नाही!"

"धमकी देतेस?"

"हो."

बाबांनी चार पावलं विचार केला. "कबूल."

चार दिवसांनी खारूच्या फोनवर अनोळखी नंबरवरून मेसेज आला. 'शाळेत पाहिलं तुला. एक फोटो पाठव. घरी सांगू नकोस.' बाबा शर्टाला इस्त्री करत होते. ती तडक त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि फोन पुढे धरला.

बाबांनी वाचलं. त्यांचा हात सवयीने फोनकडे गेला, अर्ध्यावर थांबला आणि मुकाट्याने इस्त्री बंद करायला वळला.

"चांगलं केलंस सांगितलंस," ते म्हणाले आणि तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसले. "बोल, आता आपण काय करायचं?"