गळ्याचा साचा

काम साधंच होतं. दुपारी दागिना नेऊन द्यायचा, गळ्यात नीट बसतो का ते पाहायचं आणि परत यायचं. माणसाच्या अंगावरून सोनं घडवण्यात त्या सोनारीणबाईंचा हात कुणी धरत नसे. कुणाला कानाच्या पाळीसारखे डूल, कुणाला ओठांच्या आकाराची अंगठी. आजच्या गिऱ्हाइकानं बायकोच्या गळ्याचा प्लॅस्टरचा साचाच आणून दिला होता. गळ्याखालची दोन आडवी हाडं, मधली खळी, सगळं बाईंनी सोन्याच्या पत्र्यावर हुबेहूब उठवलं होतं.

दार बायकोनंच उघडलं. लग्न नुकतंच झालेलं. अंगानं काडी, पण तोंडाची टकळी बंद होत नव्हती. तिला आरशासमोर बसवून बाईंनी दागिना गळ्याभोवती धरला आणि त्यांचे हात थबकले. सोनं खांद्यांबाहेर जात होतं. शिवाय त्यातलं डावं हाड मोडून जुळल्यासारखं वाकडं होतं. हिचं सरळ.

साचा कधी घेतला, असं त्यांनी विचारलं. माझा कुणी घेतलाच नाही, मुलगी म्हणाली. मग तिचा आवाज उतरला.

“पहिल्या ताईंचा असेल... त्या गेल्या ना, त्यांचा.”

बाई दागिना काढायला गेल्या, तोच मागची कळ आपोआप बसली. पाठोपाठ दुसरा आवाज आला, सुकी काटकी मोडावी तसा. मुलीचा डावा खांदा खाली आला. सोनं आता चपखल बसलं होतं. तिचं तोंड उघडं होतं, श्वास मात्र येत नव्हता.

“राहू द्या,” दारातून नवरा म्हणाला, अगदी मायेनं. “जरा वेळात सवय होईल तिला...”

कुणाला, हे बाईंनी विचारलं नाही. पिशवीतली पत्रा कापायची कातर दागिन्याच्या बिजागरीत घालून त्यांनी होतं नव्हतं ते बळ लावलं. सोनं तुटलं. मुलीनं बुडता बुडता वर आल्यासारखा श्वास घेतला. ते सोनं पुन्हा कुणाच्या गळ्यात जायला नको म्हणून तुकडे पदरात घेऊन, मुलीला ओढत, नवऱ्याला ढकलून बाई जिना उतरल्या.

मुलगी माहेरी सुखरूप पोचली. खांदा तेवढा तसाच राहिला. सोनं वितळवायची भट्टी सकाळीच पेटणार होती, म्हणून तोवर तुकडे बाईंनी काचेच्या डबीत घट्ट बंद करून ठेवले.

दिवे लावताना त्यांचं लक्ष गेलं. काच आतून धुरकटली होती. मग स्वच्छ झाली. पुन्हा धुरकटली... संथ, झोपलेल्या माणसाच्या लयीत.

बाई एक पाऊल मागे सरकल्या.

लय जराशी वाढली.