लंकाबाईचा पदर

गप बसा जरा. आन् ते मोबाईल उलटे ठेवा, मी काय भिताडाला सांगत न्हाई. कोपरगावचा वाल्मिक ठावं हाय ना, बसस्टँडामागं फोटो स्टुडिओ हाय त्यो? त्याच्यासंगं झालेली गोष्ट हाय. गेल्या पौषातली अमुशा. मी तितं न्हवतो, पर त्यानं माझ्याम्होरं बसून सांगितलंय.

त्याच्या धाकट्या भावाची बायको, लंकाबाई, वारली. त्याला नऊ दिस झालं, दुसऱ्या दिशी गोदावरीवर दहावा, आन् घरात तिचा धड फोटो न्हाई. मोबाईल दिसला की बाई चुलीकडं पळायची. आधार कार्डावर निसता काळा डाग. तिची लेक पंकजा पार रडकुंडीला आल्ती. दहावा झाला की तिला सासरी जायाचं, मंग आईचं तोंड बघायचं कुटं? शेवटी ट्रंकंत लग्नातला येक काळापांढरा फोटो घावला. लंकाबाई मांडवात उभी, डोक्यावर पदर, आन् पदराच्या सावलीत तोंड अंधारं.

"तात्या, तेवढं आईचं तोंड उजळा," पंकजा चुलत्याला म्हनली.

"पाच मिंटाचं काम हाय," वाल्मिक म्हनला. दिवेलागणीला दुकानात फोटो स्कॅन करून बसला. पंकजा बाकड्यावर.

ब्राइटनेस वाढवला. कपाळ दिसलं. आजून वाढवला, तर कपाळ गेलं. पदर भुवयांवर आलेला. त्याला वाटलं आपलंच कायतरी चुकलं. परत स्कॅन केलं. कॉन्ट्रास्ट कमी केला, सावल्या उजळल्या. मागचा मांडव लख्ख झाला, लुगड्याचं सूत न् सूत दिसाय लागलं. पदर नाकापातुर.

लई चिडला गडी. माउस आपटला. कॉम्प्युटरला शिव्या, स्कॅनर विकणाऱ्याला शिव्या. "आख्ख्या तालुक्याची तोंडं उजळली म्या, आन् घरचं येक तोंड जमंना?" हासू नका रं, त्याचं डोकं सरकलं हुतं. परत केलं. पदर हनुवटीला.

मंग थांबला. माउस सोडला त्यानं.

आरं, वाल्मिक तिचा थोरला दीर. नांदाय आली तवापासून लंकाबाई त्याच्याम्होरं कदी उघड्या तोंडानं आली न्हाई. च्या ठेवायची, पदर वढायची, निगून जायाची. येका घरात जलम गेला, पर त्यानं तिचं तोंड नीट बघितलंच न्हवतं.

पंकजा हळूच म्हनली, "तात्या... तुमी जरा भाईर बसता का?"

त्यो ओट्यावर गेला. पाठ फिरवून बसला. तितनंच सांगाय लागला, "वरची उजेडाची पट्टी धर... उजवीकडं सरकव. हळू."

आत माउसची टिकटिक.

"दिसती का गं?"

...

"पंकजा?"

हुंदका आला.

"दिसली... हासतीया, तात्या."

फोटो तिनंच छापला, तिनंच कागदात गुंडाळला. दहाव्याला बाया म्हनल्या, हुबेहूब लंकाबाई. म्या वाल्मिकला इचारलं, तू बघितला का? न्हाई म्हनला. मान खालीच घालून बसलो हुतो म्हनला.

मूळचा फोटो मातर स्कॅनरातच ऱ्हायला हुता. घाटावरनं आल्यावर त्यानं झाकन उचाललं. फोटोत पदर पार गळ्यापातुर. आन् पदराची कड धरलेला येक हात. त्यो हात आदी फोटोत न्हवता.

काळापांढरा फोटो... आन् मनगटावर हिरव्यागार बांगड्या. मातीला न्यायच्या आदी पंकजानं आईच्या हातात भरलेल्या.