पलीकडची मूठ

धंतोलीतल्या आमच्या केंद्रात ते यंत्र आलं, तेव्हा मी ते आधी स्वतःच्या हातावर चालवून पाहिलं. सुई नाही, टोचणं नाही. चपटी कॉइल दंडाखाली टेकवायची, टक् टक् टक् आवाज येतो आणि चुंबकाच्या लहरींनी आपली बोटं आपल्याला न विचारता उडतात. लकव्यानंतर आखडलेले स्नायू त्यानं हळूहळू सैल पडतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे. यात मला गूढ काही वाटत नव्हतं.

आमचे एक रुग्ण शरच्चंद्रकाका कचेरीतून निवृत्त झाले आणि वर्षभरात लकव्यानं त्यांची डावी मूठ बंद झाली. यंत्राचा त्यांना लगेच गुण येऊ लागला.

त्याच वेळी टांडापेठेतल्या पुष्पलताबाई हेडाऊ यायच्या. त्यांचीही डावी मूठ तशीच, इतकी घट्ट की नखं तळहातात रुतायची, म्हणून आत रुमालाची गुंडाळी ठेवावी लागे. मुलगा भूपेश रोज आईची वेणी घालून तिला घेऊन यायचा. त्यांना पेसमेकर होता, त्यामुळे यंत्राच्या खोलीत यायलाच मनाई. लांब, कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीत त्यांचा साधा व्यायाम चाले. फारशी आशा कोणी दिली नव्हती.

एका सकाळी काकांना कॉइल लावलेली असताना भूपेश दारात आला.

"मॅडम, जरा चला ना. आईची मूठ उघडून राहिली."

मी सहकारी मुलीला यंत्रापाशी उभं केलं आणि गेले. करंगळी सुटली होती. मग तिच्या शेजारचं बोट. यंत्राचा आवाज तिथवर जेमतेम पोचत होता आणि बोटं त्याच ठेक्यावर हलत होती. पुष्पलताबाई हाताकडे बघत नव्हत्या. त्या भिंतीकडे बघत होत्या.

"दुखतं का?"

"नाही वं. कोणीतरी हळूहळू उघडून देऊन राहिलं."

त्या कॉइलची ताकद चार बोटं अंतराच्या पलीकडे पोचत नाही. आवाज ऐकून मनाचा परिणाम झाला असेल, असं मी धरलं. दुसऱ्या दिवशी मायलेकांना रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर पाठवलं आणि न सांगता काकांच्या हातावर यंत्र सुरू केलं. लगेच फोन आला.

"चालू केलं का मॅडम? आईच्या मुठीतला रुमाल खाली पडला."

मग काकांच्या हातावरची कॉइल भिंतीकडे फिरवून नुसता आवाज चालू ठेवला. टपरीवर पुष्पलताबाईंची बोटं स्वस्थ राहिली.

वरिष्ठ डॉक्टर म्हणाले, पेसमेकर तपासून घ्या. घेतला. उत्तम चालला होता.

शेवटी मी काकांना सगळं सांगितलं. त्यांनी आपला डावा हात उलटसुलट करून पाहिला.

"त्यांचं सुटून राहिलं ना? मग माझं थांबवू नका."

त्यांची मूठ पुरती उघडल्यावरही ते येत राहिले, पुष्पलताबाईंसाठी. दोघं एकदाच समोरासमोर आले, कॉरिडॉरमध्ये. पुष्पलताबाईंनी दोन्ही हात जोडले. काकांनीही जोडले. हात खाली आले तेव्हा डावे दोन्ही एकाच क्षणी आले.

दिवाळीच्या आसपास पुष्पलताबाईंनी स्वतःची वेणी स्वतः घातली. भूपेश बाहेर जाऊन उभा राहिला. मला त्याचे डोळे दिसू नयेत म्हणून. मग दोघांचेही उपचार संपले.

थंडीत मी पुष्पलताबाईंच्या घरी हात तपासायला गेले. जेवल्याशिवाय सोडत नव्हत्या. ओट्याशी उभ्या राहून त्या भराभर पोळ्या करत होत्या. नवऱ्याच्या वेळची कुठलीशी गंमत सांगता सांगता डाव्या तळहातानं तव्यावरची पोळी दाबत होत्या. कापडाशिवाय.

मी त्यांचं मनगट पकडलं. तळहात गुलाबी, स्वच्छ. गार.

"काहीच लागत नाही वं या हाताले," त्या हसल्या.

पर्समधला फोन वाजला. काका होते.

"मॅडम, लकव्यापासून या तळहाताला काही कळतच नव्हतं. आज कळलं हो. चटका बसला."

"कशाला हात लागला?"

"कशालाच नाही. पेपर वाचत बसलोय."

पलीकडे पेपर बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

"फोड येतोय," ते आनंदानं म्हणाले.

पुष्पलताबाईंनी पुढची पोळी तव्यावर टाकली.