मॅच पॉइंटचा ठसा

"बाई, ठसा गायब झालाय!"

वायरलेसवर पंचाचा आवाज असा होता, की जणू घरातलं म्हातारं माणूस बाजारात हरवलंय. बाई म्हणजे स्पर्धेच्या मुख्य निरीक्षक. हातातलं सँडविच तसंच टाकून त्या कोर्टकडे धावल्या. सँडविचबद्दल त्यांना नंतर बरेच दिवस अपराधी वाटत राहिलं.

टेनिसच्या मातीच्या कोर्टवर चेंडू पडला की ठसा उमटतो. वाद झाला की पंच खुर्चीवरून उतरतो, ठसा बघतो आणि निकाल देतो. माती खोटं बोलत नाही म्हणतात. खरंय. पण पुसली की तीही गप्प बसते.

उपांत्य सामना होता. एका बाजूला वकील. हे त्याचं टोपणनाव, कारण प्रत्येक ठशावर तो भांडायचा. हे त्याचं शेवटचं वर्ष. दुसऱ्या बाजूला नाकतोडा, विशीतला, नुसते पायच पाय. मॅच पॉइंट नाकतोड्याचा. त्याचा फटका वकिलाच्या बाजूला, जाळ्याजवळ, रेषेलगत पडला. रेषापंच गप्प राहिला, म्हणजे चेंडू आत. नाकतोड्याने आनंदाने जाळ्यावरून उडी मारली. तेवढ्यात प्रेक्षकांतून वकिलाचा थोरला भाऊ ओरडला, "आउट! ठसा बघा!" हा दादाच वकिलाचा कोच. पंच खुर्चीवरून उतरला, पण ठसा नव्हता.

आता दादाची तक्रार होती, की नाकतोड्याने मातीत लोळून ठसा पुसला. खरं ठरलं तर नाकतोडा बाद आणि उद्याची फायनल वकिलाची.

बाईंनी ऑफिसचं दार लावलं आणि पंचापासून सुरुवात केली.

"खुर्चीवरून उतरताना काय पाहिलंत?"

"पायरी."

"पायरी?"

"मागे एकदा पडलो होतो, बाई. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या."

"बरं. ठशाच्या जागी काय होतं?"

"वीतभर रुंदीचा गुळगुळीत पट्टा. आजूबाजूच्या बुटांच्या खुणा जशाच्या तशा."

"आणि नाकतोडा?"

"उताणा पडलेला. मी पोचलो तरी उताणाच."

रेषापंच आत आला तोच मान खाली घालून.

"चेंडू आत होता?"

"शिंक आली हो, बाई."

"म्हणजे पाहिलाच नाहीत?"

"शिंकताना डोळे मिटतात. मी उघडे ठेवायचा फार प्रयत्न केला."

कॅमेऱ्यानेही हात टेकले होते. ठशाची जागा चौकटीबाहेर. नाकतोडा जाळ्यावरून उडतो, थेट पाठीवर आदळतो आणि मग पडद्यावर फक्त त्याचे दोन पाय, हवेत, उलट्या झुरळासारखे. मागे सगळं स्टेडियम त्या पायांकडे बघतंय.

नाकतोड्याची पाठ मानेपासून कमरेपर्यंत लाल होती.

"ठसा पुसलास?"

"नाही, बाई. पण उडी मारायला नको होती. आणि लॉकर रूममधला साबण मीच संपवला."

"साबणाचं नंतर बघू. पंच म्हणाले, पहिल्या सेटला तू चिडला होतास. का?"

"वकिलांनी पंचांना भलताच ठसा दाखवला, आधीच्या गेममधला. वर प्रेक्षकांत बसून त्यांचे दादा हातवारे करत होते. पंचांनी आउट दिलं, माझा सेट गेला. ओरडून सांगितलं, पण ऐकतो कोण!"

बाईंनी दोघा भावांना आत बोलावलं. नाकतोड्याला कोपऱ्यात बसवलं.

"तुझं काय म्हणणं आहे?" त्यांनी वकिलाला विचारलं.

"काही नाही."

"काही नाही काय!" दादा कडाडला. "मूग गिळलेस का? बाई, या पोराला बाद करा!"

"बसा, दादा. पट्टा वीतभर आहे. पाठीने पुसला असता तर बुटांच्या खुणाही गेल्या असत्या. म्हणजे हे बुटाचं काम. आणि नाकतोड्याचे बूट त्या बाजूच्या मातीला टेकलेच नाहीत. ते हवेत होते, अख्ख्या स्टेडियमसमोर. पंच पायरी बघत होते, रेषापंच शिंकत होते, तुम्ही वर होतात. उरलं कोण?"

सगळ्यांनी वकिलाकडे पाहिलं. वकिलाने स्वतःच्या बुटांकडे.

"वेड लागलंय का?" दादा म्हणाला. "आपल्या फायद्याचा ठसा कोण पुसेल?"

"नियम काय आहे? आपल्या बाजूचा ठसा खेळाडूने स्वतः पुसला, की पॉइंट समोरच्याचा. हा माणूस ठशांवर जन्मभर भांडला, त्याला हे माहीत नाही होय? आज मात्र ठसाच गायब झाला आणि वकीलसाहेब अवाक्षर बोलले नाहीत. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. ज्याला हरायचं असतं तो भांडत नाही."

वकिलाने दीर्घ श्वास घेतला. "चेंडू दोन बोटं बाहेर होता. पण पहिला सेट मी चोरलाय, बाई. परत कसा द्यायचा कळेना. तोंडाने बोललो असतो तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून बुटाने पुसला. तर आळ या पोरावरच आला. मग जीभच उचलेना."

दादा बराच वेळ खुर्चीचा हात खरवडत राहिला.

"तो जुना ठसा," तो शेवटी म्हणाला, "वरून मीच खुणावला होता. हा दाखव म्हणून."

"तेच तर कारण होतं, दादा."

"मग आत्तासुद्धा माझं नाव का नाही घेतलंस?"

"भाऊ आहेस ना."

दादाने तक्रार मागे घेतली आणि तोंडावर टॉवेल टाकून बसून राहिला. टॉवेल हलत होता. कुणी तिकडे पाहिलं नाही.

"पॉइंट नाकतोड्याचा," बाई म्हणाल्या. "फायनलही."

पण नाकतोडा उठेना. चेहरा पडलेला.

"बाई, म्हणजे चेंडू खरंच बाहेर होता?"

"दोन बोटं."

"मग उद्या मी हरलो तर चालेल का? फिट्टंफाट होईल."

बाईंनी डोक्याला हात लावला. "हे बघ, बाळा, एकाच आठवड्यात दोघं मुद्दाम हरले तर मला नोकरी सोडावी लागेल. आणि मग त्याचंही तुलाच वाईट वाटेल."

नाकतोड्याने क्षणभर विचार केला. त्याला आत्ताच वाईट वाटायला लागलं होतं. तो मुकाट्याने उठला आणि सरावाला गेला.