बुडालेल्या भातातून

मी दोन तास खपून रचलेली होडी तो माणूस खुशाल रिकामी करत होता!

"अहो, काय चाललंय?" मी धक्क्यावरून ओरडले. पाऊस झिमझिमत होता, याद्या भिजत होत्या, आणि सान होर्हे नदीच्या पुरात मदत वाटायचं काम माझ्या एकटीच्या गळ्यात.

"तुमची चूक निस्तरतोय, सेन्योरिता." त्यानं मान वर केली. मधाच्या रंगाचे डोळे... मेला देखणाही होता! "मी रोसेंडो. आजपासून ही होडी मी चालवणार. जवळच्या गावापासून वाटत गेलात, तर शेवटच्या गावाला काही उरत नाही. छपरावरून कुणी पांढरा सदरा हलवला, की आमच्यात होडी थांबवावीच लागते. नाही थांबलं तर नदीवर तोंड दाखवायची सोय नाही."

"मग?"

"आधी शेवटचं गाव, म्हणून त्यांचा माल वर रचतोय. बुडालेल्या भातशेतांतून थेट. वाटेत एकही छप्पर नाही. नदीनं पाच तास, शेतांतून तीन. येताना नदीनं, प्रवाहाबरोबर वाटत यायचं." त्यानं एक पोतं बाजूला ठेवलं. "तिथे माझी आई आहे. आठ दिवस झाले, पुराचंच पाणी पितेय."

मी पाण्याचे कॅन त्याच्या हातात देऊ लागले... आणि शेवटी स्वतःच होडीत बसले.

उथळ पाण्यात त्यानं इंजिन वर उचललं, बांबूनं होडी रेटू लागला. खाली भाताची रोपं संथ डोलत होती. बगळे उठत होते, पुन्हा बसत होते. हा रस्ता संपूच नये असं वाटलं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

"घाबरलात?"

"रस्ता चुकलात तर बघा!"

"चुकायला हवं. राग शोभतो तुम्हाला."

"होडी चालवा!" मी म्हटलं खरं, पण हसू फुटलंच.

त्याची आई घरातल्या फळ्यांच्या माच्यावर कोंबड्यांसकट बसली होती. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. रोसेंडोनं पेला भरून दिला. तिनं तो आधी माझ्यापुढे धरला.

"लांबून आलीस पोरी, घे."

मी पेला तिच्याकडे परत सरकवला. "तुम्ही प्या हो, आई! आता रोज येईल पाणी."

तेव्हा कुठे ती घटाघटा प्यायली.

परतताना आम्ही नदीनं गावोगाव वाटत आलो. मग रोसेंडो नदीकडे बघत म्हणाला, "पूर ओसरला की भातशेतांतला तो रस्ता राहणार नाही. तुम्हीही शहरात जाल..."

मी भिजलेल्या याद्या बाजूला ठेवल्या.

"रोसेंडो, चिखल वाळायला किती दिवस लागतात?"

"दोन महिने."

"मग दोन महिने चिखल तुडवत आईंकडे येईन. चिखल वाळल्यावर मात्र... तू घोडा घेऊन न्यायला ये."